अर्धेलीचा मुलूख : इटलींतील कियांतीची कथा

इटली म्हटली म्हणजे आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें रोमचे भग्न मंडप, व्हेनिसचे कालवे आणि फ्लॉरेन्सच्या चित्रशाळा उभ्या राहतात. याचें कारण उघड आहे. इतिहास लिहिणारे लोक बहुधा शहरांत राहतात आणि त्यांना शहरांचाच इतिहास दिसतो. परंतु ज्या शहरांचीं चित्रें व शिल्पें पाहून आपण थक्क होतों, तीं शहरें खात काय होतीं, पीत काय होतीं, आणि तेथील सरदार-सावकारांच्या तिजोऱ्या कोणाच्या घामानें भरत होत्या, असा प्रश्न मनांत आला म्हणजे वेशीबाहेर पडावें लागतें. प्रस्तुत लेखांत फ्लॉरेन्सच्या अशाच एका वेशीबाहेर वाचकांना घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे. ज्या मुलखांत आपण जाणार, त्याचें नांव मद्याच्या बाटल्यांवरून जगभर गेलें आहे. मद्याची थोरवी गाण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. एखाद्या भूमीचें सौंदर्य कोणी घडविलें आणि घडविणाराच्या पदरांत त्यांतलें काय पडलें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मध्यें जो डोंगराळ टापू पसरला आहे त्यास कियांती असें म्हणतात. या शहरांना जोडणारी 'कियांतिजाना' नांवाची वाट सुमारें ७० किलोमीटर लांबीची असून ती ग्रेव्हे, पान्झानो आणि कास्तेलिना या गांवांवरून जाते. वाट सरळ अशी क्वचितच असते. ती टेकडीच्या माथ्यावरून चालते, मध्येंच ओढ्यांत उतरते आणि पुन्हां चढते. दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे, रुपेरी पानांचे ऑलिव्ह वृक्ष, एखाद्या जुन्या हवेलीकडे नेणारी सुरूसारख्या उंच सायप्रस वृक्षांची रांग, आणि त्यांच्या मागें ओक व चेस्टनट यांचीं दाट रानें. या टापूंत निम्म्याहून अधिक भूमि आजहि अरण्याखालीं आहे, हें मद्याच्या कीर्तीमुळें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जमीन सुपीक म्हणावी तर तसेंहि नाहीं. गालेस्त्रो नांवाचा ठिसूळ, पापुद्र्यांचा दगड आणि आल्बेरेसे नांवाचा कठीण चुनखडक यांचीच ही भूमि. नांगर घातला कीं धोंडे वर यावयाचे. ते वेंचावयाचे आणि त्यांचेच बांध घालून उतारावर ताली बांधावयाच्या. आज प्रवासी ज्या दगडी बांधांची छायाचित्रें घेतात, ते असे शेतांतून वेंचलेल्या धोंड्यांचे आहेत.

कियांतीचा पूर्वेतिहास हा सीमेचा इतिहास होय. मध्ययुगांत फ्लॉरेन्स आणि सिएना हीं दोन्ही स्वतंत्र आणि परस्परांचीं हाडवैरी संस्थानें होतीं, आणि मधला हा मुलूख दोघांच्याहि सैन्यांखालीं भरडला जात होता. सीमा कशी ठरली याविषयीं एक दंतकथा तेथें सांगतात. दोन्ही शहरांतून पहाटेच्या कोंबड्याच्या आरवण्यासरशीं एकेक घोडेस्वार निघावा आणि जेथें ते भेटतील तेथें सीमा धरावी, असें ठरलें. सिएनाच्या लोकांनीं पांढरा कोंबडा निवडून त्यास खाऊं-पिऊं घालून पुष्ट केलें. फ्लॉरेन्सच्या लोकांनीं काळा कोंबडा धरून त्यास उपाशी कोंडलें. भुकेला काळा कोंबडा उजाडण्यापूर्वींच आरवूं लागला, फ्लॉरेन्सचा स्वार कितीतरी आधीं निघाला, आणि सिएनापासून थोड्याच अंतरावर फोंतेरूतोली येथें दोघांची गांठ पडली. प्रत्यक्षांत इ. स. १२०३ मध्यें पोज्जिबोन्सी येथील अधिकाऱ्याच्या लवादानें सीमेचा निवाडा झाला. पण उपाशी कोंबड्याची गोष्टच लोकांच्या तोंडीं राहिली. पुढें राद्दा, गायोले व कास्तेलिना या तीन विभागांचा मिळून 'कियांतीचा संघ' स्थापन झाला. त्याचें चिन्ह काळा कोंबडा हेंच होतें. सोळाव्या शतकांत चित्रकार वासारी यानें फ्लॉरेन्सच्या राजवाड्यांतील मोठ्या दालनाच्या छतावर कियांतीचें चित्र काढलें तेव्हां त्यांतहि हा कोंबडा घातला.

निवाडे झाले म्हणून लढाया थांबल्या नाहींत. १२६० मध्यें मोंतापेर्तीच्या रणांत सिएनानें फ्लॉरेन्सचा धुव्वा उडविला. शेवटीं १५५५ मध्यें सिएनालाच शरण जावें लागलें. दोन्ही राज्यें मेदिची घराण्याच्या एका छत्राखालीं आलीं आणि कियांतीची सीमा नाहींशी झाली. किल्ल्यांना काम उरलें नाहीं. त्यांच्या मालकांनीं तटांना खिडक्या पाडल्या, तळघरांत पिंपें ठेविलीं आणि ते शेतीकडे वळले. ज्या टेकड्यांवर चौक्या होत्या तेथें हवेल्या उभ्या राहिल्या.

मद्याचा व्यापार वाढला तशी लबाडीहि वाढली. भलत्याच ठिकाणचें मद्य कियांतीचें म्हणून परदेशीं जाऊं लागलें. तेव्हां तिसरा कोसिमो या मेदिची महाराजानें २४ सप्टेंबर १७१६ रोजीं एक जाहीरनामा काढून कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो व वरचें आर्नो खोरें या चार मुलखांच्या हद्दी नांवनिशीवार बांधून दिल्या. पोर्तुगालांतील दोरू खोऱ्याची प्रसिद्ध हदबंदी १७५६ सालची. हा जाहीरनामा तिच्याहून चाळीस वर्षांनीं जुना आहे. भूमीचें नांव ही एक मालमत्ता आहे आणि तिची चोरी होऊं शकते, हा विचार कायद्यांत उतरल्याचें इतकें जुनें उदाहरण युरोपांत विरळा. मात्र ती मालमत्ता कोणाची? जाहीरनामा व्यापाऱ्यांसाठीं आणि जमीनमालकांसाठीं होता. द्राक्षें पिकविणाराचा उल्लेख करण्याचें त्यांत प्रयोजनच नव्हतें.

द्राक्षें पिकविणारा कोण होता हें समजण्यास 'मेत्झाद्रिया' नांवाची पद्धति समजून घेतली पाहिजे. या शब्दाच्या पोटांत 'अर्धा' हा अर्थ आहे, आणि आमच्या अर्धेलीशीं तो तंतोतंत जुळतो. तेराव्या-चौदाव्या शतकांत शहरांतील धनिकांनीं भोंवतालच्या जमिनी विकत घेतल्या तेव्हांपासून तस्कनी प्रांतांत ही पद्धति रूढ झाली. धन्यानें जमीन आणि दगडी घर द्यावें, बीं-बियाणें व गुरें यांच्या खर्चांत भाग उचलावा. कुळानें सहकुटुंब तेथेंच राहून राबावें. आणि जें पिकेल तें दोघांनीं अर्धें-अर्धें वाटून घ्यावें. एका कुटुंबाच्या वाट्याच्या शेतास पोदेरे म्हणत. अशा अनेक पोदेऱ्यांवर देखरेख करणारा धन्याचा कारभारी मधल्या मोठ्या वाड्यांत राही. प्रत्येक कुळाच्या नांवानें हिशेबाची वही असे. वाईट वर्षीं धन्याकडून घेतलेलें धान्य तींत मांडलें जाई, आणि तें देणें बापाकडून मुलाकडे चालत येई. करार वर्षाचा. वर्ष संपतांना नोटीस आली कीं घर आणि शेत दोन्ही सोडून चालूं लागावें. कुटुंबांत लग्न ठरलें तर धन्याची संमति विचारावी लागे; कारण घरांत किती हात आणि किती तोंडें असावींत, हा त्याच्याहि हिशेबाचा प्रश्न होता. शिवाय सणावारीं कोंबडीं व अंडीं नेऊन पोंचविणें वेगळेंच.

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतों. कियांतीचा जो देखावा पाहून प्रवासी मुग्ध होतात, तो या कराराचेंच अपत्य आहे. धन्याला मद्य आणि तेल हवें होतें, कारण तें बाजारांत विकलें जाई; कुळाला गहूं आणि घेवडा हवा होता, कारण त्यावर घर जगत असे. दोघांची गरज एकाच शेतांत भागावयाची होती. म्हणून गव्हाच्या पट्ट्याच्या कडेनें द्राक्षांची ओळ, मध्यें ऑलिव्ह, आणि वेलींना आधार मेपलच्या जिवंत झाडांचा, अशी रचना झाली. मेपलचा पाला बैलांच्या वैरणीस येई, फांद्या सरपणास येत. एक वावभर जागा वायां जात नसे, कारण वायां घालविणें कुळाला परवडत नव्हतें. कूळ शेतांतच राहत असल्यामुळें टेकडी-टेकडीवर एकेक घर दिसतें : खालीं गोठा, वर चुलीची मोठी खोली, आंगणांत पाव भाजण्याची भट्टी, माथ्यावर कबुतरखाना. सिएनाच्या नगरसभागृहांत आंब्रोज्यो लोरेंझेत्ती यानें १३३८–३९ मध्यें सुराज्याचें फळ म्हणून काढलेल्या भित्तिचित्रांत असाच मुलूख दिसतो. नांगरणी चालली आहे, मळे फुलले आहेत, गाढवांवर ओझीं लादून माणसें शहराकडे जात आहेत. ओझीं शहराकडे जात आहेत, एवढें मात्र तें चित्र पाहतांना विसरूं नये.

या पद्धतीची दुसरीहि बाजू आहे, आणि ती न सांगणें अन्यायाचें होईल. सिस्मोंदी या स्विस अर्थशास्त्रज्ञानें तस्कनींत स्वतः शेती करून १८०१ मध्यें पुस्तक लिहिलें आणि अर्धेलीची वाखाणणी केली. रोजंदारीवर जगणाऱ्या मजुरापेक्षां अर्धेलीच्या कुळाला डोक्यावर छप्पर होतें, पिकांत वांटा होता, आणि कामांत स्वतःची अक्कल चालविण्यास वाव होता, हें खरेंच आहे. तथापि अर्धें म्हणजे न्याय्यच, असें नव्हे. पीक चांगलें आलें तर अर्ध्यांत पोट भरून थोडें उरे. पीक बुडालें तर धन्याचें उत्पन्न घटे आणि कुळाची भाकरी जाई. उत्तम मद्य विकलें जाई. पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी ओतून जें पातळ पेय होई, तें पुष्कळदां कुळाच्या पेल्यांत येई.

कियांतीच्या मद्याचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात तो बॅरन बेत्तीनो रिकासोली हाहि असाच एक धनी होता. गायोलेजवळचा ब्रोल्यो किल्ला त्याच्या घराण्याकडे ११४१ पासून चालत आलेला. १८०९ मध्यें जन्मलेल्या या करारी पुरुषाला लोक 'पोलादी बॅरन' म्हणत. वारशानें त्याला किल्ल्याबरोबर कर्जहि मिळालें. तें फेडण्यासाठीं तो शहर सोडून ब्रोल्यो येथें राहिला आणि द्राक्षांवर प्रयोग करूं लागला. १८६१ मध्यें काव्हूर वारल्यावर नवजात इटलीचा दुसरा पंतप्रधान तोच झाला. राजकारणांतून मोकळा झाल्यावर १८७२ मध्यें त्यानें पीसा येथील प्राध्यापक स्तुदियाती यांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. मद्याला सुवास व जोम सांजोव्हेसे द्राक्षापासून येतो, कानायोलोनें त्याचा तिखटपणा निवळतो, आणि माल्व्हासिया हें पांढरें द्राक्ष टिकवूं नये अशा नित्याच्या मद्यांतच घालावें, असा त्या पत्राचा आशय होता. हें प्रमाण ठरविण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. प्रयोग बॅरनचे खरे. पण त्या तीस वर्षांत खुडणारे, तुडविणारे आणि छाटणी करणारे हात कोणाचे, हें पत्रांत शोधूं नये.

पुढची कथा पुन्हां नांवाची आहे. कीर्ति वाढली तशी शेजारच्या टेकड्यांवरहि 'कियांती' पिकूं लागली. मूळ मुलखांतील ३३ उत्पादकांनीं १४ मे १९२४ रोजीं राद्दा येथें जमून संघ काढला आणि काळ्या कोंबड्याची मुद्रा घेतली. परंतु १९३२ च्या सरकारी हुकुमानें कियांती हें नांव सात विभागांना वांटून दिलें, आणि मूळ भूमीला 'क्लासिको' असें विशेषण जोडून समाधान मानावें लागलें. आपल्याच नांवापुढें 'अस्सल' अशी पाटी लावावी लागणें, यांतला सल तेथील लोकांना पुढें कित्येक वर्षें जाचत होता. १९९६ मध्यें कियांती क्लासिकोस स्वतंत्र नियमावली मिळाली, आणि २००६ च्या हंगामापासून पांढरीं द्राक्षें तींतून वर्ज्य झालीं.

दुसऱ्या महायुद्धांत हा मुलूख पुन्हां रणभूमि झाला, आणि येथें आमच्या लोकांचा त्याच्याशीं खराखुरा संबंध आला. १९४४ च्या उन्हाळ्यांत फ्लॉरेन्सकडे सरकणाऱ्या आठव्या हिंदी डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या. मूळ कियांतीच्या पश्चिमेस मोंतेगुफोनी नांवाचा जुना किल्ला आहे. तेथें मराठा लाईट इन्फंट्रीचे शिपाई उतरले असतां असें आढळून आलें कीं त्याच्या दालनांत फ्लॉरेन्सच्या चित्रशाळांतील अमोल चित्रें सुरक्षिततेसाठीं आणून ठेविलीं आहेत. बोत्तिचेल्लीची 'प्रिमाव्हेरा' त्यांत होती, ज्योत्तोची मॅडोना होती. शहरानें आपलें सर्वस्व संकटकाळीं खेड्याच्या स्वाधीन केलें होतें. भोंवतालचे शेतकरी जीव वांचविण्यासाठीं त्याच किल्ल्यांत आश्रयास आले होते. घाटावरचे आणि कोंकणांतले शेतकऱ्यांचे मुलगे, तस्कनीचे अर्धेली शेतकरी आणि बोत्तिचेल्ली हे एका छपराखालीं आले, ही घटना आम्हांस मोठी मननीय वाटते.

युद्ध संपतांच कुळांनीं डोकें वर केलें. संप झाले, मोर्चे निघाले; १९४७ मध्यें कुळाचा वांटा ५३ टक्के झाला. १९६४ च्या कायद्यानें तो ५८ टक्के केला आणि नवे अर्धेलीचे करार करण्यास बंदी घातली. १९८२ मध्यें उरलेले करार खंडांत बदलण्याची तरतूद झाली. परंतु न्याय आला तोंवर ज्यांना तो मिळावयाचा तीं माणसें बव्हंशीं निघून गेलीं होतीं. १९५० ते ७० या काळांत तरुण मंडळी कारखान्यांकडे गेलीं. तेथें पगार ठरलेला होता आणि लग्नाला कोणाची संमति लागत नव्हती. दगडी घरें ओस पडलीं, बांध ढासळले. मिश्र शेती जाऊन यंत्रानें नांगरतां येतील असे द्राक्षांचे सलग मळे आले. ओस घरें परदेशांतील धनिकांनीं विकत घेतलीं. गोठ्यांच्या बैठकी झाल्या आणि कबुतरखान्यांचीं शयनगृहें झालीं.

आज तेथें जुन्याची जपणूक चालली आहे. कांहीं ठिकाणीं बांध पुन्हां रचले जातात; डांबर न घातलेल्या पांढऱ्या मातीच्या वाटा टिकाव्या म्हणून १९९७ पासून गायोलेहून जुन्या सायकलींची एक मोठी फेरी निघते. हें सर्व स्तुत्य आहे. ज्या अन्यायाच्या करारानें हें सौंदर्य घडविलें तो परत यावा, असें कोणीहि म्हणणार नाहीं. आणि ज्या गरजेपोटीं हा बांध घातला ती गरज गेल्यावर तो बांध कोणी व कां राखावा, या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं. प्रवाशांच्या पैशानें तो आज राखला जात आहे, एवढें खरें. आमच्या वाचकांपैकीं कोणी त्या वाटेनें गेला तर त्यानें हवेलीच्या दारावरचें धन्याचें राजचिन्ह अवश्य पाहावें. पण थोडें थांबून उतारावरच्या त्या कोरड्या दगडी भिंतीवरहि हात ठेवावा. तिच्यावर कोणाचें नांव कोरलेलें नाहीं, आणि जाहीरनाम्यांतून वा पत्रांतून ज्यांचें नांव आलें नाहीं, त्यांनीं मागें ठेविलेला लेख तो हाच.