ओनस: बैलगाडीतून कोर्टात

‘आता ओनस प्रतिवादीवर,’ असे वकील सहज बोलून जातात. कोर्टात इतका मुरलेला हा लॅटिन शब्द मूळचा मालवाहतुकीतला.

लॅटिनमध्ये ‘ओनस’ म्हणजे ओझे, लादलेला माल. मालवाहू गलबताला रोमन लोक ‘नाविस ओनेरारिया’ म्हणत. इसवी सनपूर्व ५५ मध्ये ब्रिटनवर चालून जाताना आपण अशी सुमारे ८० गलबते जमवली, हे ज्युलियस सीझरने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यात माल नव्हे, सैनिक भरायचे होते! माल उतरवण्याची क्रिया ‘एक्सोनेरारे’. चौकशीतून निर्दोष सुटलेला माणूस इंग्रजीत ‘एक्झोनरेट’ होतो, तो याच क्रियापदामुळे.

आपल्याला खरी गंमत वाटावी ती पुढे आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘ओनस’चे नाते संस्कृतातल्या ‘अनस्’शी जोडतात. अनस् म्हणजे ओझ्याची गाडी. ऋग्वेदात इंद्र उषेची गाडी मोडतो, तिथे हाच शब्द येतो. ती गाडी वाहणारा तो ‘अनडुह्’, म्हणजे बैल. ‘ओनस’ आणि ‘अनस्’ दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही मुळात सकारान्त. एका भावाकडे गाडी राहिली, दुसऱ्याकडे तीतला माल.

आता कायदा. जो दावा करतो त्याने तो शाबीत करावा, नाकारणाऱ्याने नव्हे, हे तत्त्व रोमन कायदेपंडित पाउलुसच्या नावावर आहे; जस्टिनियनच्या ५३३ सालच्या संकलनात ते जपले गेले. या जबाबदारीला पुढे ‘ओनस प्रोबांदी’, म्हणजे शाबितीचे ओझे, हे नाव रूढ झाले. मात्र १८७२ चा भारतीय पुरावा कायदा रचताना जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने कलम १०१ मध्ये साधा ‘बर्डन’ वापरला. माझ्या मते ते शहाणपणाचे होते. वकिलांनी मात्र लॅटिन सोडले नाही, त्यामुळे एकाच अर्थाचे दोन शब्द हाताशी राहिले. १९६३ मध्ये राघवम्मा विरुद्ध चेंचम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कामेच वाटून दिली: बर्डन ज्याचा त्याच्याकडेच राहतो, ओनस मात्र पुराव्यानुसार इकडून तिकडे सरकतो. गाडीतल्या मालाला हे शोभणारेच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुने कलम १०१ आता त्यात १०४ व्या क्रमांकावर आहे.