वेगवान यंत्र, मंद सवय

१९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात भारतातील पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले. त्याआधी चार दशके, १८७९मध्ये, पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी ऑटोक्लेव्ह घडवला होता. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंशांवर अडते आणि काही जिवाणूंचे बीजाणू त्यात तग धरतात. वाफ दाबाखाली १२१ अंशांवर नेली की पंधरा-वीस मिनिटांत तेही नष्ट होतात. उपाय हाताशी असूनही दंतवैद्यकात तो रुजायला इतका काळ का लागला?

एक उत्तर यंत्रात दडले आहे. १९५७मध्ये हवेच्या दाबावर फिरणारा टर्बाइन हँडपीस बाजारात आला. मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेणाऱ्या या यंत्राने दात कोरणे रुग्णाला सुसह्य केले. पण लाळेचे आणि रक्ताचे तुषार हवेत उडू लागले. शिवाय टर्बाइन थांबताना आतला दाब क्षणभर घटतो आणि तोंडातील द्रव आत ओढला जातो. बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून ही आतली घाण निघत नाही.

१९८६मध्ये मद्रासमधील डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून भारतातील एचआयव्ही संसर्गाचा पहिला पुरावा मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसीने दंतोपचारासाठी संसर्ग-नियंत्रणाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस उष्णतेनेच निर्जंतुक करावा, हे १९९३मध्ये स्पष्टपणे सांगितले गेले. हेपॅटायटिस बी त्याआधीपासूनच दंतवैद्यांना ग्रासत होता. पण सवयी बदलल्या त्या एचआयव्हीच्या धास्तीने.

आपल्याकडे अनेक विद्यार्थी हँडपीस स्वतः विकत घेतात. ऑटोक्लेव्हचे एक आवर्तन, थंड होण्याचा वेळ धरून, अर्ध्या-पाऊण तासाचे असते. हाती एकच हँडपीस आणि बाहेर रुग्णांची रांग असेल, तर नियम पाठ असूनही मोडतो. म्हणून हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. पुरेशी साधने पुरवण्याचाही आहे.

२०२३मध्ये तमिळनाडूतील एका दंतचिकित्सालयाशी जोडलेल्या मेलिऑइडोसिसच्या उद्रेकात ८ रुग्ण दगावले. संशयाची सुई सलाइनच्या, उघडून पुन्हा वापरल्या जाणाऱ्या बाटलीवर स्थिरावली. तिथे टर्बाइनचा वेग आड आला नव्हता. आड आली ती एक साधी सवय. अशा सवयी, चांगल्या आणि वाईटही, महाविद्यालयातील पहिल्या रुग्णापासूनच हाताला लागतात.