एका चिंबोरीची चार नावं

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज चिंबोरी. मालवणकडच्यांनी कुर्ली म्हणा. खाडीच्या चिखलातली, काळपट हिरवी, मोठ्या नांग्यांची. बाजारात ती पाय बांधून ठेवलेली असते, त्यामुळे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तिच्या पायांची शेवटची जोडी टोकदार नसते, वल्ह्यासारखी चपटी असते. म्हणजे चिखलात राहणारी ही बाई पोहणाऱ्या खेकड्यांच्या कुळातली आहे. पोर्टुनिडी म्हणतात त्या कुळाला.

आता हिचं शास्त्रीय नाव काय? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तराला दोनशे वर्षांहून जास्त काळ लागला. आणि सुरुवातीला भरपूर माणसं मेली.

1761 च्या जानेवारीत डेन्मार्कच्या राजाने पाठवलेली एक मोहीम कोपनहेगनहून अरबस्तानाकडे निघाली. तिच्यात पीटर फोर्स्कोल होता, वर्गीकरणशास्त्राचा बाप मानल्या जाणाऱ्या लिनियसचा शिष्य. हा गडी लाल समुद्राच्या काठाने मासे, शिंपले, झाडं, जे दिसेल ते टिपत गेला. त्यात एक खेकडाही होता. त्याला त्याने नाव दिलं 'कॅन्सर सेराटस'. कॅन्सर म्हणजे लॅटिनमध्ये खेकडा, सेराटस म्हणजे करवतीसारखे दाते असलेला.

जुलै 1763 मध्ये फोर्स्कोल येमेनमध्ये हिवतापाने गेला. वय 31. भाषातज्ज्ञ फॉन हावेन त्याच्या आधीच गेला होता. उरलेले जहाजाने मुंबईकडे निघाले, तर चित्रकार आणि नोकर वाटेतच समुद्रात वारले. डॉक्टर क्रामर मुंबईला पोचला आणि 1764 मध्ये इथेच वारला. सहाजणांतला एकटा कार्स्टन नीबूर उरला. त्याने मुंबईच्या मुक्कामात घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं आणि चित्रं केली, हे इतिहासवाल्यांना माहीत असतं. पण मला त्याचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. मेलेल्या मित्राच्या टिपणांचं पुस्तक त्याने 1775 मध्ये छापून आणलं. म्हणून 'सेराटस' हे नाव आपल्यापर्यंत आलं.

नाव आलं, खेकडा नाही आला! वर्गीकरणात नियम असा, की नावामागे एक प्रत्यक्ष नमुना हवा. शंका आली की कपाट उघडून बघायचं. फोर्स्कोलच्या या खेकड्याचा नमुनाच उरला नव्हता. पुढे 1833 मध्ये डच शास्त्रज्ञ डी हान याने या खेकड्यांसाठी 'सायला' ही प्रजाती केली आणि नाव झालं सायला सेराटा. मग आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जी दिसेल ती चिंबोरी सेराटा!

1949 मध्ये फिलिपिन्सच्या एस्टाम्पाडोर यांनी सांगितलं, अहो, हे एक नाहीत. रंग वेगळे, काटे वेगळे. तिथल्या कोळ्यांकडे तर वेगवेगळे शब्द आधीपासून होते. पण 1960 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी सगळं पुन्हा एका नावाखाली कोंबलं. रंग काय, चिखलाप्रमाणे बदलतो, असा एकूण सूर. मला इथे कोळ्यांची बाजू घ्यावीशी वाटते. रोज हाताळणाऱ्याला फरक कळतो हो.

निकाल लागला 1998 मध्ये. कीनन, डेव्ही आणि मान या तिघांनी ठिकठिकाणचे नमुने घेतले, मोजमापं घेतली, प्रथिनं आणि डीएनए तपासले. जाती निघाल्या चार: सेराटा, ट्रँक्वेबारिका, ऑलिव्हेशिया, पॅरामामोसाइन. हरवलेल्या नमुन्याच्या जागी त्यांनी लाल समुद्रातलाच एक खेकडा नवा प्रमाण-नमुना म्हणून ठरवला. आणि गंमत बघा, एस्टाम्पाडोर ज्याला सेराटा म्हणत होते तो निघाला ऑलिव्हेशिया. खरा सेराटा त्यांच्या यादीत दुसऱ्याच नावाने बसला होता.

हाच घोळ आपल्याकडेही होता. आपल्या कागदांत लहान खेकडा 'सेराटा' आणि मोठा 'ट्रँक्वेबारिका'. 2014 मध्ये डीएनए तपासणी छापून आली, तिच्यात भारताच्या किनाऱ्यावर दोनच जाती सापडल्या. लहान तो ऑलिव्हेशिया, मोठा तो सेराटा. ट्रँक्वेबारिका हे नाव आलंय तामिळनाडूतल्या तरंगंबाडीवरून, तेव्हाची डॅनिश वसाहत. आणि नेमकी तीच त्या तपासणीत नाही!

कुणी म्हणेल, रश्श्यात काय फरक पडतो? रश्श्यात नाही पडत, पण तळ्यात पडतो. सेराटा दोन किलोच्या पुढे जाऊ शकतो, ऑलिव्हेशिया बराच लहान राहतो आणि बिळं करतो. खेकडापालनासाठी कर्ज काढून बीज घेणाऱ्याने जुनं पुस्तक बघून 'सेराटा' मागितलं, तर पदरात लहान जात पडायची. शिवाय जुन्या नोंदीतली वाढ, अंडी, हंगाम हे सगळे आकडे नक्की कुणाचे, हे आता एकेक करून तपासावं लागतं.

पुढच्या वेळी बाजारात गेलात तर बघा. डोळ्यांच्या मधले दाते उंच, नांगीच्या मनगटावर बाहेरून दोन तीक्ष्ण काटे, सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी असेल तर सेराटा. दाते बुटके आणि गोलसर, मनगटावर जेमतेम एखादा काटा, पाय साधे असतील तर ऑलिव्हेशिया. फक्त नांग्या बांधलेल्या आहेत ना, ते आधी बघा.