कऱ्हेला ओढा म्हणणाऱ्यांसाठी

परवा सासवडला संगमेश्वराच्या पायऱ्यांवर एका पाहुण्यांनी विचारलं, "हीच का तुमची कऱ्हा? हा तर ओढा!"

मंडळी, दोष त्यांचा नाही. गराडे गावाजवळच्या डोंगरात उगवणारी ही नदी पर्जन्यछायेतली. वर गराडे, खाली नाझरे अशी दोन धरणं. त्यात कित्येक महिने पात्रात नुसते दगड. सासवडला चांबळी येऊन मिळते, मग जेजुरीजवळून, बारामतीतून जात कऱ्हा सोनगावला नीरेत संपते. बास, एवढाच प्रवास.

पण भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले ते याच काठच्या सासवडात. सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा पालखीतून आंघोळीला येतो तो हिच्याकडेच. अत्र्यांनी तर आत्मचरित्रालाच हिचं नाव दिलं. (नाव आपण अभिमानानं घेतो, पात्राकडे बघत मात्र नाही.)

सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे भरून वाहिलं आणि याच 'ओढ्या'नं पार बारामतीपर्यंत लोकांना रातोरात घरं सोडायला लावली. तेव्हापासून पात्रात भराव टाकणारा कुणी भेटला, की मी एकच विचारतो: त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं, आठवतंय का?