निळ्या पालीची फाइल

मराठी माणसाचा पालीशी असलेला संबंध मुख्यतः पंचांगातला. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली असता कोणते फळ मिळते, हे सांगणारे पल्लीपतनाचे कोष्टक आपल्या आजीच्या पिढीला तोंडपाठ असे. पाल विकत घ्यावी, तिच्यासाठी काचेचे घर बांधावे, दिवा लावून तिला ऊब द्यावी, ही कल्पना त्या पिढीला वेडेपणाचीच वाटली असती. मात्र २०२४ च्या उन्हाळ्यात दिल्लीतील आमच्या वसाहतीतले एक स्नेही संध्याकाळी माझ्याकडे आले ते नेमका हाच विषय घेऊन. त्यांच्या महाविद्यालयीन चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून बोटभर लांबीची, झळाळत्या निळ्या रंगाची पाल आणली होती. आता विदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. दुकानदाराने दिलेल्या पावतीवर ‘शोभेचा प्राणी, नग १’ एवढेच लिहिलेले. ‘‘हा प्राणी कोठून आला, असे विचारले तर मी काय सांगू?’’ हा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न साधा होता, पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यानंतर जे वाचले, त्यातून या लहानशा प्राण्याच्या निमित्ताने प्रशासनाचा एक मोठा धडा हाती लागला. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

इंग्रजीत ज्यांना ड्वार्फ गेको म्हणतात त्या बुटक्या पालींच्या अनेक जाती आफ्रिकेत आहेत. लायगोडॅक्टिलस ही त्यांतील मोठी प्रजाती. आपल्या घरातील पाल रात्री हिंडते, तर या पाली दिवसा हिंडतात. त्यांतील सर्वांत देखणी ती टांझानियाची निळी पाल, शास्त्रीय नाव लायगोडॅक्टिलस विल्यम्सी. नर गडद निळा, मादी हिरवट-तपकिरी, लांबी सात-आठ सेंटिमीटर. आर्थर लव्हरिज यांनी १९५२ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पूर्व टांझानियात उलुगुरू पर्वताच्या पायथ्याशी किंबोझा नावाचे चुनखडीच्या खडकावरील एक लहान राखीव जंगल आहे. ते आणि आसपासचे काही तुकडे एवढेच तिचे जग. त्या जंगलातही ती सर्वत्र नसते. केवड्याच्या जातीचे एक उंच झाड तेथे वाढते. त्याच्या लांब, काटेरी पानांच्या बेचक्यांत पाणी साठते. तेथेच ती राहते, तेथेच अंडी चिकटवते. साधारणपणे एका झाडावर एका नराचे राज्य असते. कोकणातल्या ओढ्याकाठची केवड्याची बने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे घर डोळ्यांसमोर आणणे अवघड जाणार नाही.

वर्णन झाल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे या पालीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. या शतकाच्या आरंभी युरोपात ती पाळीव प्राणी म्हणून दिसू लागली आणि चित्र पालटले. तिच्या लोकप्रियतेचे कारण समजण्याजोगे आहे. मोठ्या सरड्याला खोली द्यावी लागते, हिला फूट-दीड फूट उंचीची काचपेटी पुरते. आत उभ्या फांद्या आणि रुंद पानांची झाडे, एका टोकाला उबेचा दिवा, म्हणजे पालीला ऊन आणि सावली यांतून निवड करता येते. हाडांच्या वाढीसाठी अतिनील किरणांची नळी, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा, आणि खाण्यास कॅल्शियमची भुकटी लावलेले चिमुकले रातकिडे व फळमाश्या. दोन नर एकत्र ठेवले तर मारामारी ठरलेली, म्हणून एक नर व एक-दोन माद्या. दिवसा जागी, रंगाने देखणी, जागा थोडी घेणारी : शहरातील लहान सदनिकेसाठी याहून सोयीचा प्राणी शोधून सापडणार नाही.

मागणी अशी निर्माण झाली. पुरवठा कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. जर्मन व टांझानियन संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, डिसेंबर २००४ ते जुलै २००९ या काळात पकडणाऱ्यांच्या एकाच गटाने ३२,३१० ते ४२,६१० पाली जंगलातून नेल्या. पाल पानांच्या बेचक्यात उंचावर, म्हणून ती मिळविण्यासाठी केवड्याची झाडेच तोडली जात. म्हणजे पाल तर गेलीच, शिवाय मागे राहिलेल्या पालींचे घरही गेले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चटकन उमगेल : व्याज खाण्याऐवजी मुद्दलच विकून टाकण्याचा हा व्यवहार होता. पकडणारे गावकरी गरीब, त्यांच्या हाती पडणारा मोबदला क्षुल्लक. नफ्याचा मोठा वाटा साखळीच्या दुसऱ्या टोकाला.

आता प्रशासनाचा भाग. हे राखीव जंगल होते, म्हणजे संरक्षण कागदावर होते. टांझानियाने या जातीच्या निर्यातीचा परवाना कधीही दिला नव्हता. मग हजारो पाली सीमा ओलांडून कशा गेल्या? उत्तर प्रत्येक कारकुनाला ठाऊक असलेले आहे : दुसऱ्या नावाने. याच प्रजातीच्या, निर्यातीस मुभा असलेल्या जातींच्या नावाखाली त्या पाठविल्या गेल्या. सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर डब्यांत लहान लहान पाली असतात आणि कागदावर प्रजातीचे नाव बरोबर असते. जातीचे नाव तपासण्याचे ज्ञान त्याला नसते आणि तशी अपेक्षाही कोणी केलेली नसते. वस्तूच्या वर्गीकरणात फेरफार करून शुल्क चुकविण्याचा प्रकार आपल्या आयात-निर्यात व्यवहारात जुनाच आहे. येथे वस्तू जिवंत होती, एवढाच फरक.

शासनयंत्रणा हलली, पण तिच्या गतीने. २०१२ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत या पालीची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. २०१४ च्या अखेरीस युरोपीय संघाने तिचा आपल्या व्यापार-नियंत्रणाच्या सूचीत समावेश केला. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या सायटीस कराराच्या सतराव्या परिषदेत टांझानिया व युरोपीय संघाच्या प्रस्तावावरून तिला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे हत्ती-वाघांच्या पंक्तीत, स्थान मिळाले. जानेवारी २०१७ पासून ते लागू झाले. हा करार १९७३ सालचा आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. मोजणीचा काळ २००४ पासूनचा धरला तरी लूट आणि बंदी यांत बारा वर्षांचे अंतर पडले. एवढ्या काळात या प्राण्याच्या कितीतरी पिढ्या होतात.

उशिराचे कारण केवळ आळस नव्हे. यादीत नाव घालण्यासाठी पुरावा लागतो, पुराव्यासाठी मोजणी लागते, मोजणीसाठी कोणाला तरी त्या जंगलात जाऊन झाडे व पाली मोजाव्या लागतात. बाजाराला यांपैकी कशाचीच गरज नसते. किंबहुना शास्त्रीय शोध हाच बाजाराचा वाटाड्या ठरतो. चीनमधील गोनिउरोसॉरस लुई या पालीचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि ज्या ठिकाणी ती प्रथम सापडली, तेथून ती पकडणाऱ्यांच्या हव्यासामुळे नाहीशी झाली. म्हणूनच काही संशोधक आता नव्या जातीचे नेमके ठिकाण छापत नाहीत. महाराष्ट्रालाही हा इशारा लागू आहे. दिवसा हिंडणाऱ्या निमास्पिस या बुटक्या पालींच्या नव्या जाती सह्याद्रीत सापडत आहेत. कोल्हापूरचे नाव धारण करणारी जात २००९ मधली, कासच्या पठारावरील २०१४ मधली. याच गटात तेव्हा गणलेली व्हिएतनामच्या एका बेटावरील रंगीबेरंगी पाल २०१० साली जगाला कळली आणि सहाच वर्षांत, त्याच जोहान्सबर्ग परिषदेत, तिलाही पहिल्या परिशिष्टात घालावे लागले.

नियमनाचा उपयोगच होत नाही, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. कॅरिबियन समुद्रातील युनियन बेटावरील गोनाटोडस दाउदिनी ही तीन सेंटिमीटरची पाल २००५ साली जगाला ज्ञात झाली आणि तिच्याही वाट्याला तीच लूट आली. २०१९ मध्ये ती पहिल्या परिशिष्टात गेली. पण तेथे केवळ यादीवर भिस्त ठेवली नाही. बेटावरील रहिवाशांनाच पगारी रक्षक म्हणून नेमले गेले आणि जंगलावर सतत पहारा राहिला. २०१८ मधील सुमारे १०,००० ची संख्या २०२२ मध्ये १८,००० च्या आसपास गेली. जुलै २०२४ च्या चक्रीवादळाने ते बेट उद्ध्वस्त केले हा दैवाचा भाग झाला, तरी परिषदेतील ठराव आणि झाडाखाली उभा असलेला माणूस हे दोन्ही असतील तर फळ मिळते, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडे काय घडले? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भर देशी प्राण्यांवर होता. विदेशी प्राणी सीमेवर पकडला तर सीमाशुल्काचा गुन्हा, एकदा का तो घरात पोहोचला की जवळजवळ मोकळा. जून २०२० मध्ये केंद्राने स्वेच्छा-घोषणेची सवलत आणली : सहा महिन्यांत प्राणी जाहीर करा, कागदपत्रे विचारली जाणार नाहीत. माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांना यावरून १९९७ ची उत्पन्न-घोषणा योजना आठवली असेल. अशा सवलतीत सरकारला माहिती मिळते, पण नियम पाळणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटते आणि नियम मोडणारा पुढच्या सवलतीची वाट पाहतो. पुढे कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. सायटीसच्या परिशिष्टांतील जातींसाठी चौथी अनुसूची आली आणि घरातील प्राण्याची, त्याच्या पिलांची व हस्तांतरणाची नोंद बंधनकारक झाली. त्याखालील नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाले. नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत होती.

हे नियम स्वागतार्ह आहेत. तथापि किंबोझाचा धडा असा की नोंदवहीचे मोल तिच्यातील एका रकान्यावर ठरते : प्राणी आला कोठून? ‘बंदिवासात जन्मलेला’ हे दोन शब्द लिहिणे अतिशय सोपे आणि तपासणे अतिशय अवघड. ही निळी पाल काचपेटीत प्रजनन करते, त्यामुळे तो दावा खरा असू शकतो. त्याच कारणाने खोट्या दाव्यालाही आडोसा मिळतो. जात ओळखू शकणारा माणूस जिल्हा पातळीवर, विमानतळावर, कुरियरच्या गोदामात उपलब्ध नसेल, तर संगणकावरील अर्ज कितीही देखणा असला तरी टांझानियात जे कागदावर झाले तेच येथे पडद्यावर होईल.

माझ्या स्नेह्यांना मी एवढेच सांगितले की जे माहीत आहे ते लिहा, जे माहीत नाही ते माहीत नाही असे लिहा. पावतीची प्रत जोडा. दुकानदाराकडून आता मागील तारखेचा दाखला मिळत असेल तर तो मुळीच घेऊ नका. त्यांनी मुदतीत अर्ज भरला. उगमाच्या रकान्यात ‘दुकानातून खरेदी, मूळ अज्ञात’ असे लिहिले. चिरंजीव नाराज होते, कारण ‘बंदिवासात जन्मलेला’ लिहिले असते तर कोणी विचारलेही नसते, असे त्याचे म्हणणे. ते बहुधा खरेही असेल. पण तो एक रकाना प्रामाणिकपणे भरला गेला, तर उद्या धोरण आखणाऱ्याला निदान एवढे कळेल की आपल्या घरांतील किती प्राण्यांचा उगम कोणालाच ठाऊक नाही. अज्ञानाची खरी नोंद ही खोट्या माहितीपेक्षा शासनाच्या अधिक कामाची असते, हे माझ्या नोकरीने मला शिकविले आहे.