सतीश आळेकर : नाटककार आणि प्राध्यापक
सतीश आळेकर (जन्म : ३० जानेवारी १९४९, दिल्ली) हे मराठीतील अग्रगण्य नाटककार, दिग्दर्शक व नाट्यशिक्षक आहेत. जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केली. ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग मातृसंस्थेने थांबविल्यानंतर बाहेर पडलेल्या तरुण रंगकर्मींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमीची स्थापना केली, आळेकर त्यांपैकी एक होते. ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मृत भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात. परंपरेच्या साच्यातून मध्यमवर्गाचा उपहास साधणाऱ्या या नाटकानंतर ‘बेगम बर्वे’ (१९७९) रंगभूमीवर आले. १९९६ ते २००९ या काळात त्यांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा सांभाळली व नवे रंगकर्मी घडविले. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९९४) आणि पद्मश्री (२०१२) हे त्यांचे प्रमुख सन्मान होत.