कार्ड काढून घेतलं, व्यसन सुटलं का?

"डॉक्टर, याला घराबाहेर काढतो, म्हणजे अक्कल येईल." व्यसनी मुलाचे वडील असं म्हणतात, तेव्हा मला न्यूयॉर्कचे जॅझ वादक आठवतात. त्या शहराने हा उपाय बरीच वर्षं करून पाहिला आहे.

1940 ते 1967 या काळात तिथल्या नाइट क्लबमध्ये गायचं-वाजवायचं असेल तर पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावं लागे. त्याला 'कॅबरे कार्ड' म्हणत. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडलं की कार्ड जायचं, आणि त्यासोबत रोजीरोटीही.

वादक या वाटेला का लागत? रात्रभर काम, सतत प्रवास, बेभरवशाची कमाई आणि कामाची जागाच दारूच्या गुत्त्यासारखी. चार्ली पार्करसारखा सॅक्सोफोनवादक हेरॉइन घेतो, म्हणून तो असा वाजवतो, असंही अनेक तरुणांना वाटे. प्रत्यक्षात पार्कर 1955 मध्ये अवघ्या 34 व्या वर्षी गेला. त्याचं शरीर इतकं खंगलं होतं, की तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नाशीच्या पुढचा वाटला.

गायिका बिली हॉलिडेला 1947 मध्ये तुरुंगवास झाला आणि तिचं कार्ड गेलं. सुटून आल्यावर 1948 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तिचा कार्यक्रम तुडुंब भरला, कारण तिथे कार्ड लागत नव्हतं. न्यूयॉर्कच्या क्लबांची दारं मात्र बंदच राहिली. व्यसन सुटलं नाही. 1959 मध्ये यकृत आणि हृदय निकामी होत असताना रुग्णालयाच्या खाटेवरच तिला अटक झाली. 17 जुलैला ती गेली, वय 44.

असं का होतं? हेरॉइन रोज घेतलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मग ते थांबलं की घाम, जुलाब, असह्य अंगदुखी, झोप उडणं आणि जीव कासावीस होणं सुरू होतं. नुसत्या धाकाने हे थांबत नाही. काम गेल्यावर येणारी निराशा तर माणसाला पुन्हा त्याच पुडीकडे नेते.

याच काळातलं दुसरं उदाहरण पाहा. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स 1955 मध्ये केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी उपचार केंद्रात स्वतःहून दाखल झाला. तिथून व्यसनमुक्त होऊन परतला आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षं वाजवत राहिला.

वादकांवर उपचार करणाऱ्या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेरी निस्वँडर यांनी डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्यासोबत 1965 मध्ये मेथाडोन उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज ठरावीक औषध घ्यायचं, म्हणजे तलफ आटोक्यात राहते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. आज आपल्याकडेही याच तत्त्वावरची औषधं मिळतात. मधुमेहाच्या गोळीसारखीच ती नियमित आणि दीर्घकाळ घ्यावी लागतात.

म्हणून त्या वडिलांना मी एवढंच सांगतो: मुलाला घराबाहेर काढू नका, माझ्याकडे घेऊन या. रोजची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, त्याने फिट येऊ शकते. झोप, उदासी, मनात येणारे आत्महत्येचे विचार हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे सरकारी क्रमांक मोफत आहेत.